कोलमॅपच्या सेल्फ-कॅलिब्रेशनवर किती विसंबावं?

फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल उभं करायचं म्हटलं की आज बहुतेकांच्या हाती आधी कोलमॅप हे सॉफ्टवेअरच येतं. योहानेस शोनबर्गर यांनी ते लिहिलं, त्यामागचा मुख्य शोधनिबंध २०१६ च्या सीव्हीपीआर या संगणकीय दृष्टीवरच्या परिषदेत आला, आणि बीएसडी परवान्याखाली ते फुकट मिळतं. गॉशियन स्प्लॅटिंग करणारे (फोटोंवरून दृश्य असंख्य धूसर ठिपक्यांनी उभं करणारे), ड्रोनचे फोटो जोडणारे, मूर्ती किंवा वाड्याचं दस्तावेजीकरण करणारे असे कितीतरी लोक कॅमेऱ्यांच्या जागा त्याच्याकडूनच घेतात. इथे त्याच्या एकाच कामाचं परीक्षण आहे: सेल्फ-कॅलिब्रेशन, म्हणजे चेकरबोर्ड (मापं माहीत असलेला चौकटींचा पट) न वापरता निव्वळ फोटोंवरून फोकल लेंथ (इथे पिक्सेलमध्ये मोजलेली), प्रिन्सिपल पॉइंट (लेन्सचा अक्ष फोटोवर जिथे पडतो ती जागा) आणि लेन्सचं डिस्टॉर्शन (सरळ रेषा वाकवणारी विकृती) काढणं.

मत आधीच सांगून टाकतो. साधन उत्तम आहे, त्याच्या मूळ सेटिंगमागे पक्का विचार आहे, आणि नीट काढलेल्या फोटोंवर ते जो निकाल देतं तो बहुतेक कामांना पुरून उरतो. पण निकाल चुकला तर ते सांगत नाही. शेवटी छापला जाणारा सरासरी रीप्रोजेक्शन एरर अर्ध्या पिक्सेलच्या आसपास असतो आणि तरीही फोकल लेंथ दोन टक्क्यांनी चुकलेली असू शकते. हा स्वभाव मुळात सेल्फ-कॅलिब्रेशनचाच आहे, पण साधनाने त्याचा इशारा द्यायला हवा होता, एवढी माझी तक्रार आहे.

छापलेला आकडा काय सांगतो

काढलेला त्रिमितीय बिंदू पुन्हा फोटोवर टाकला तर तो मूळ जागेपासून किती पिक्सेल हुकतो, त्याची सरासरी म्हणजे रीप्रोजेक्शन एरर. ही सरासरी वाचताना एक गोष्ट विसरू नये. मॅपर, म्हणजे मॉडेल उभं करणारा कोलमॅपचा भाग, काम करतानाच ४ पिक्सेलपेक्षा जास्त हुकणारी निरीक्षणं गाळून टाकतो. ती त्याची मूळ मर्यादा आहे. लेन्सचं मॉडेल चुकीचं असल्यामुळे कोपऱ्यातले बिंदू सात-आठ पिक्सेल हुकत असतील, तर ते सरासरीत येतच नाहीत. उरतात ते मधले, शहाण्यासारखे वागणारे बिंदू, आणि आकडा छान दिसतो.

म्हणून आकड्याआधी फोटो बघावेत. कोलमॅपच्या खिडकीत एखादा फोटो उघडला की जुळलेले आणि न जुळलेले बिंदू वेगळ्या रंगांत दिसतात. मध्यभागी जुळलेल्यांची गर्दी आणि चारही कोपरे ओसाड, असं चित्र बऱ्याच फोटोंत दिसलं आणि कोपऱ्यांत पोत मात्र भरपूर असला, तर डिस्टॉर्शनचं मॉडेल कमी पडतंय असं धरून चालावं. मॉडेल अ‍ॅनालायझर ही आज्ञा दर फोटोमागे सरासरी किती निरीक्षणं टिकली आणि एक बिंदू सरासरी किती फोटोंत दिसला हेही सांगते. दोन वेगवेगळ्या सेटिंगची तुलना करताना एरर कमी झाला पण निरीक्षणंही कमी झाली, तर सुधारणा झालेली नाही. गाळणी वाढली आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. बंडल अ‍ॅडजस्टमेंट हे एरर कमीत कमी करणारं गणित कॅमेऱ्याचे आकडे, कॅमेऱ्यांच्या जागा आणि बिंदूंच्या जागा हे सगळं एकदमच हलवतं. एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी मुरवायची त्याला पूर्ण मुभा असते. ती कुठे मुरते, हे फोटो कसे काढले यावर ठरतं.

समांतर अक्ष: सगळ्यात महागात पडणारी चूक

सगळे फोटो एकाच दिशेला कॅमेरा धरून काढले तर फोकल लेंथ ठरवणारी माहिती त्या फोटोंत नसतेच. गणित अगदी साधं आहे. बिंदू फोटोवर कुठे पडतो, तर फोकल लेंथ गुणिले आडवं अंतर भागिले खोली. आता फोकल लेंथ एक टक्क्याने वाढवा आणि दृश्यातली प्रत्येक खोलीही एक टक्क्याने वाढवा. भागाकार तोच राहिला. एकही पिक्सेल हलला नाही, एररमध्ये काडीचा फरक नाही, आणि अशी अनंत उत्तरं तितकीच बरोबर ठरतात. फोटो पन्नास असोत की पाच हजार, अक्ष समांतर असतील तर संख्येने काही साधत नाही. अशा गतींना क्रिटिकल मोशन म्हणतात. पीटर स्टर्म यांनी १९९७ मध्ये त्यांची पद्धतशीर वर्गवारी केली.

व्यवहारात हे घडतं ते ड्रोनच्या सरळ खाली बघणाऱ्या उड्डाणात, आणि तितकंच एखाद्या लांब भिंतीसमोरून चालत, कॅमेरा भिंतीला काटकोनात धरून काढलेल्या फोटोंत. किल्ल्याची तटबंदी किंवा वाड्याचा दर्शनी भाग हमखास असाच टिपला जातो. प्रत्यक्षात हात थोडे हलतात, ड्रोन थोडा कलतो, त्यामुळे फोकल लेंथ अगदीच मोकाट सुटत नाही. पण तिला धरून ठेवणारी पकड फार सैल असते. ड्रोन १०० मीटर उंचीवर आहे, कॅमेऱ्यांच्या जागा आरटीके या अचूक जीपीएसमुळे पक्क्या माहीत आहेत आणि फोकल लेंथ १ टक्का चुकली, तर जमीन उभ्या दिशेने १ मीटर सरकते. आडव्या मापांत हा दोष दिसतच नाही. नकाशा बघून सगळे खूश, आणि पाणी कुठून कुठे वाहील याचा हिशेब मात्र चुकलेला.

याच्या जोडीला येतो फुगवटा. सपाट जमिनीवर समांतर अक्षांचे फोटो असले की रेडियल डिस्टॉर्शनचा (मध्यापासून कडेकडे बदलत जाणाऱ्या विकृतीचा) छोटासा चुकीचा अंदाज आणि जमिनीचा किंचित गोलावा यांच्यात गणिताला फारसा फरक करता येत नाही. के-१ हा डिस्टॉर्शनचा पहिला गुणांक थोडा चुकतो, आणि सपाट शेत मधे फुगलेलं किंवा मधे खचलेलं निघतं. जेम्स आणि रॉबसन यांच्या २०१४ च्या कामाने हा दोष भूरूपशास्त्रातल्या लोकांपुढे स्पष्ट मांडला आणि तिरके फोटो मिसळल्याने तो बराच आटोक्यात येतो हेही दाखवलं.

उपाय उड्डाणातच करावा लागतो. खाली बघणाऱ्या पट्ट्यांखेरीज आणखी एक फेरी घ्यावी, कॅमेरा २० ते ३० अंश तिरका ठेवून, आणि शक्य असेल तर ती आधीच्या पट्ट्यांना आडवी. एखादी फेरी वेगळ्या उंचीवरून घेतली तर आणखी चांगलं. भिंतीच्या बाबतीत प्रत्येक जागेवरून तीन फोटो काढावेत: एक समोर, एक ३० अंश डावीकडे वळून, एक उजवीकडे. कोपऱ्यावरून वळसा घालून बाजूची भिंतही घ्यावी, म्हणजे दृश्याला खोली मिळते.

इथे कोलमॅपची एक मर्यादा नीट लक्षात घ्यायला हवी. त्याचा मॉडेल अलायनर ज्ञात जागांवर मॉडेल बसवतो, पण तो फक्त फिरवतो, सरकवतो आणि एकच पट बदलतो. वाकलेलं मॉडेल तो सरळ करू शकत नाही. फुगवटा असलेलं मॉडेल चार कोपऱ्यांवरच्या खुणांना अगदी छान बसेल आणि मधे अर्धा मीटर वर राहील. म्हणून तपासणीचा एक तरी बिंदू क्षेत्राच्या मधोमध हवाच.

किती आकडे मोकळे सोडायचे

कोलमॅपमध्ये कॅमेऱ्याची बरीच मॉडेलं आहेत. मूळ निवड सिम्पल रेडियल: एक फोकल लेंथ, प्रिन्सिपल पॉइंटचे दोन आकडे आणि डिस्टॉर्शनचा एक गुणांक. रेडियलमध्ये डिस्टॉर्शनचे दोन गुणांक. ओपनसीव्ही या संगणकीय दृष्टीच्या लायब्ररीवरून घेतलेल्या मॉडेलमध्ये आठ आकडे: आडवी आणि उभी अशा दोन फोकल लेंथ, प्रिन्सिपल पॉइंट, दोन रेडियल आणि दोन टँजेन्शियल (भिंग किंचित तिरकं बसल्याने येणाऱ्या विकृतीचे) गुणांक. फुल ओपनसीव्हीत हाच हिशेब बारापर्यंत जातो.

जास्त आकडे म्हणजे जास्त अचूकता, हा समज इथे घात करतो. पाठ्यपुस्तकातला हिशेब असा की कॅमेऱ्याचे पाच अंतर्गत आकडे (दोन फोकल लेंथ, प्रिन्सिपल पॉइंटचे दोन आणि पिक्सेलचा तिरकेपणा) सगळे अज्ञात पण स्थिर असले तर किमान तीन फोटो लागतात. फक्त पिक्सेल काटकोनी आहेत एवढंच माहीत असेल आणि बाकी सगळं फोटोगणिक बदलत असेल तर किमान आठ. हा किमान हिशेब झाला, तोही कॅमेऱ्याची हालचाल चांगली असेल तेव्हाचा आणि डिस्टॉर्शन न धरता. बारा आकडे मोकळे सोडले तर के-२, के-३ वगैरे गुणांक एकमेकांना खोडत मोठमोठे होतात, जिथे बिंदू आहेत तिथे त्यांची बेरीज बरोबर येते आणि जिथे बिंदू नाहीत, म्हणजे नेमकं कोपऱ्यात, तिथे वक्र भरकटतो. कोलमॅपच्या कागदपत्रांतही सल्ला हाच आहे: ही मोठी मॉडेलं मुख्यतः आकडे आधीच माहीत असतील तेव्हासाठी, आणि स्वतः काढायचे असतील तर सगळ्या फोटोंना एकच कॅमेरा धरून.

एकच कॅमेरा धरणं, म्हणजे सिंगल कॅमेरा हा पर्याय, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल आहे. तो मुळात बंद असतो. तो बंद ठेवून दोनशे फोटो चढवले तर कोलमॅप दोनशे वेगळे कॅमेरे मानू शकतं आणि प्रत्येकाची फोकल लेंथ वेगळी काढू शकतं. कॅमेरा एक, झूम एक, फोकस कुलूपबंद असेल तर हा पर्याय लावायलाच हवा. दोन कॅमेरे असतील तर फोटो दोन फोल्डरांत ठेवून फोल्डरमागे एक कॅमेरा असं सांगता येतं.

प्रिन्सिपल पॉइंटबाबत कोलमॅपचा निर्णय मला पूर्ण पटतो. मॅपर तो मुळात हलवत नाही, फोटोच्या मध्यावरच ठेवतो. कारण प्रिन्सिपल पॉइंट सरकणं आणि कॅमेरा किंचित कलणं यांचा फोटोवरचा परिणाम जवळजवळ सारखाच असतो. ३००० पिक्सेल फोकल लेंथ असेल तर १० पिक्सेलचं सरकणं म्हणजे सुमारे ०.१९ अंशांचा कल. १०० मीटर अंतरावर तो ३३ सेंटिमीटर भरतो. टँजेन्शियल गुणांकही मोकळे असले तर त्यांचीही यात सरमिसळ होते. त्यामुळे आधी सगळं मॉडेल उभं राहू द्यावं, मग बंडल अ‍ॅडजस्टर ही वेगळी आज्ञा प्रिन्सिपल पॉइंट मोकळा करून एकदा चालवावी, तीही फोटोंत कॅमेरा ९० अंशांनी आडवा-उभा फिरवलेला असेल तरच. असा फिरवलेला संच नसेल तर त्याला हात लावू नये.

फिरवण्याबद्दल एक बारकावा. कॅमेरा फिरवायचा, फाइल नाही. पुष्कळ फोन आणि फोटो हाताळणारी अ‍ॅप उभा फोटो साठवताना पिक्सेलच फिरवतात. तसं झालं की आडव्या आणि उभ्या फोटोंची रुंदी-उंची वेगळी होते आणि सिंगल कॅमेरा लावल्यावर कोलमॅप तिथेच अडतं, ते बरंच. पण १८० अंशांनी फिरवून साठवलेला फोटो मापाने तोच राहतो, कुठेही अडत नाही, आणि प्रिन्सिपल पॉइंटची खरी सरक त्यात उलट्या बाजूला जाते. कापलेला फोटोही तसाच घातक. कॅमेऱ्यातून निघालेली फाइल जशीच्या तशी द्यावी.

गॉशियन स्प्लॅटिंगवाल्यांसाठी वेगळी सूचना. २०२३ च्या मूळ कोडमधली तयारीची स्क्रिप्ट ओपनसीव्ही मॉडेल आणि एकच कॅमेरा घेऊन कोलमॅप चालवते, मग फोटो सरळ करून पिनहोल (डिस्टॉर्शन नसलेल्या) मॉडेलवर आणते. हे बरोबरच आहे. पण पुढे तो कोड फक्त दृश्यकोन (लेन्सला किती रुंद दिसतं तो कोन) वाचतो आणि प्रिन्सिपल पॉइंट मध्यावरच आहे असं धरतो. तुम्ही मेहनतीने तो काढला असेल तर ती मेहनत तिथे वाया जाते, आणि वर चित्र धूसर होतं. त्या कामासाठी तो मध्यावरच राहू द्यावा.

फोटो पोचण्याआधीच झालेलं नुकसान

कोलमॅप फोकल लेंथचा पहिला अंदाज एक्झिफवरून, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो त्या माहितीवरून घेतं. ती नसेल तर मोठ्या बाजूच्या १.२ पट धरतं. ४००० पिक्सेल रुंद फोटोला हा अंदाज ४८०० पिक्सेल येतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ साधारण ३००० च्या घरात असते. म्हणजे सुरुवातच साठ टक्के चुकीची. फोटोंची मांडणी चांगली असेल तर कोलमॅप यातूनही सावरतं, कमकुवत असेल तर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलमधून एक्झिफ गळून पडतं आणि चित्रही दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवावं किंवा केबलने उतरवावं. व्हिडिओतून काढलेल्या फ्रेममध्येही एक्झिफ नसतं, शिवाय व्हिडिओ घेताना सेन्सरचा काही भाग कापला जातो, म्हणून त्याच फोनच्या फोटोची फोकल लेंथ व्हिडिओला लावता येत नाही.

एक्झिफमधला ३५ मिलिमीटर समतुल्य आकडाही जपून वापरावा. २६ मिलिमीटर, ४००० बाय ३००० चा फोटो. ३६ मिलिमीटर रुंदीने हिशेब केला तर २८८९ पिक्सेल येतात, कर्णाच्या ४३.२७ मिलिमीटरने केला तर ३००४. चार टक्क्यांचा फरक निव्वळ हिशेबाच्या पद्धतीचा. सुरुवातीचा अंदाज म्हणून दोन्ही चालतील. तो पक्का आकडा मानून गोठवणं मात्र चूक.

फोकस बदलला की फोकल लेंथ बदलते, हे माहीत असूनही ऑटोफोकस चालू राहतो. साध्या लेन्सच्या सूत्राने ५० मिलिमीटरची लेन्स अनंतावरून १ मीटरवर आणली तर प्रतिमेचं अंतर ५२.६ मिलिमीटर होतं. ६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर हे ८३३३ वरून ८७७२ पिक्सेल, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. छोटी मूर्ती जवळून टिपताना हा फरक प्रत्येक फोटोला वेगळा पडतो आणि आपण मात्र सगळ्यांना एकच कॅमेरा मानलेला असतो. फोकस एकदा साधून मॅन्युअल करावा. झूम लेन्स असेल तर एका टोकावर ठेवून कडी टेपने चिकटवावी.

पुष्कळ फोनमध्ये ऑप्टिकल स्थिरीकरण (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) भिंगच सरकवतं. समजा ते ५० मायक्रॉन सरकलं आणि पिक्सेल १.४ मायक्रॉनचा आहे, तर प्रिन्सिपल पॉइंट ३६ पिक्सेल हलला, आणि प्रत्येक फोटोत निराळा. बंद करता येत असेल तर बंद करावं. फोन आणि काही ड्रोन जेपीजी बनवताना लेन्सचं डिस्टॉर्शन आतच सरळ करतात. मग उरतो तो वेडावाकडा शेष, जो सिम्पल रेडियलच्या एका गुणांकात मावत नाही. ही आतली दुरुस्ती बंद करता येते का ते सेटिंगमध्ये बघावं, आणि रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल घेतली तर तिचा फोटो बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लेन्स प्रोफाइल लागू होत नाही याची खात्री करावी.

रोलिंग शटर

कोलमॅप प्रत्येक फोटो एका क्षणी टिपलाय असं मानतं. बहुतेक सीमॉस सेन्सर मात्र ओळीमागून ओळ वाचतात. फोन हातात धरून सेकंदाला २० अंश वळताना, वाचन २० मिलिसेकंदांचं असेल, तर पहिल्या आणि शेवटच्या ओळीत ०.४ अंशांचा फरक पडतो. ३००० पिक्सेल फोकल लेंथवर तो २१ पिक्सेल. ड्रोन सेकंदाला १० मीटर जातोय, वाचन ३० मिलिसेकंद, जमिनीवर पिक्सेल ३ सेंटिमीटरचा: १० पिक्सेल. ड्रोन नेहमी नाक पुढे करून उडत असेल तर प्रत्येक फोटो एकाच बाजूने ताणला किंवा दाबला जातो, आणि ही चूक मोठ्या सफाईने आडव्या-उभ्या फोकल लेंथच्या फरकात जाऊन बसते.

यातून एक उपयोगी लक्षण मिळतं. आजच्या सेन्सरचे पिक्सेल चौरस असतात. ओपनसीव्ही मॉडेलमध्ये दोन फोकल लेंथमधला फरक हजारात एकापेक्षा मोठा आला तर बहुतेकदा रोलिंग शटर, किंवा कापलेले-ताणलेले फोटो, यांचा संशय घ्यावा. यावर कोलमॅपमध्ये उपाय नाही. मेकॅनिकल किंवा ग्लोबल शटरचा कॅमेरा, थांबून काढलेले फोटो, किंवा हळू उड्डाण, एवढाच मार्ग.

निकाल तपासायची माझ्या मते सगळ्यात चांगली रीत

कोलमॅपला दोनदा, मुद्दाम चुकीच्या सुरुवातीवरून चालवा. ४००० बाय ३००० चे फोटो, सिम्पल रेडियल, अपेक्षित फोकल लेंथ ३०००. पहिल्या खेपेला कॅमेरा पॅरामीटर्समध्ये २७००, २०००, १५००, ० द्या (फोकल लेंथ, प्रिन्सिपल पॉइंटचे दोन आकडे, डिस्टॉर्शन). दुसऱ्या खेपेला नवीन डेटाबेस करून ३३००, २०००, १५००, ०. फोटो तेच. दोन्ही मॉडेलं मजकुराच्या रूपात उतरवा आणि कॅमेऱ्यांच्या फाइलमधली एकच ओळ शेजारी शेजारी ठेवा: मॉडेलचं नाव, रुंदी, उंची, मग चार आकडे. दोन्हीकडे फोकल लेंथ एक-दोन पिक्सेलच्या फरकाने तीच आली तर फोटोंनी ती खरोखर ठरवली आहे. एकीकडे २९४० आणि दुसरीकडे ३०६५ आली, तर निकाल सुरुवातीची आठवण ठेवून आहे, म्हणजेच फोटोंत ती माहिती नाही. दोन्हीकडे रीप्रोजेक्शन एरर सारखाच असेल. त्याने हुरळून जाऊ नये. चुकीच्या जुळण्या गाळणाऱ्या रॅन्सॅक या पद्धतीची निवड यादृच्छिक असल्याने बारीक फरक राहणारच, त्याची चिंता नको.

ही चाचणी कमकुवत मांडणी पकडते. रोलिंग शटर किंवा आतली लेन्स दुरुस्ती पकडत नाही, कारण ती चूक दोन्ही वेळा सारखीच होते. त्यासाठी मापं हवीत. फोटोंवरच्या मॉडेलला स्वतःचं माप नसतं, म्हणून एक लांबी पुरत नाही, गुणोत्तर लागतं. दृश्यात तीन परस्पर काटकोनी दिशांनी मोजता येईल अशी वस्तू ठेवावी, उदाहरणार्थ कडक पेटी, आणि मॉडेलमधल्या तिन्ही कडांचं एकमेकींशी गुणोत्तर टेपने घेतलेल्या मापांशी ताडून बघावं. रुंदी-उंची जुळतेय पण खोली फसतेय, तर फोकल लेंथकडे बोट जातं.

कॅलिब्रेशन हेच काम असेल तर मुख्य चित्रीकरणात ते करायच्या भानगडीत पडू नये. वेगळा संच काढावा: ४० ते ६० फोटो, पोत भरपूर आणि खोली असलेलं दृश्य. काळ्या बसाल्टचं जुनं दगडी बांधकाम यासाठी फार छान, चुन्याची कोरी भिंत, काच आणि पाणी निकामी. वस्तूभोवती कमानीत फिरावं, वर-खाली उंची बदलावी, पाव फोटो कॅमेरा आडवा करून काढावेत, वस्तू फोटोच्या कोपऱ्यांपर्यंत पोचेल इतकं जवळ जावं. हलणारी झाडं, माणसं, ड्रोनचे पाय मास्कने झाकावेत. मग सिंगल कॅमेरा, आधी रेडियल. कोपरे ओसाड राहिले तरच ओपनसीव्ही. अनेक आवृत्त्यांत जुळणीसाठीचे ठळक बिंदू शोधताना फोटो ३२०० पिक्सेलपर्यंत लहान केला जातो; ६००० पिक्सेलच्या फोटोसाठी ती मर्यादा वाढवली तर बिंदूंच्या जागा बारीक ठरतात, मेमरी जास्त लागते. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याच्या रुंद लेन्सला सरळ फिशआय मॉडेलच घ्यावं. निघालेले आकडे मुख्य कामात कॅमेरा पॅरामीटर्स म्हणून द्यावेत आणि मॅपरमधली फोकल लेंथ व डिस्टॉर्शन सुधारण्याची मुभा बंद करावी. फोकस, झूम आणि फाइलचं माप तेच असेल तरच हे आकडे लागू.

हे आकडे ओपनसीव्हीत नेताना प्रिन्सिपल पॉइंटच्या दोन्ही आकड्यांतून ०.५ वजा करायला विसरू नये. कोलमॅप डावीकडच्या सर्वांत वरच्या पिक्सेलचा मध्य ०.५, ०.५ वर धरतं, ओपनसीव्ही ०, ० वर.

दुसऱ्यांशी तुलना

मेटाशेप या सशुल्क सॉफ्टवेअरच्या कॅमेरा कॅलिब्रेशन खिडकीत कोणता आकडा कोणत्या आकड्याशी किती जोडलेला आहे याचा तक्ता आणि लेन्सभरच्या शेष चुकीचा आलेख दिसतो. तशाच पिक्सफोरडीचा अहवाल सुरुवातीची आणि निघालेली फोकल लेंथ यांतला फरक ५ टक्क्यांपलीकडे गेला की इशारा देतो. कोलमॅपच्या आज्ञा यातलं काहीच दाखवत नाहीत. नव्या आवृत्त्यांत पायथनमधून अनिश्चितता काढता येते, पण त्यासाठी कोड लिहावा लागतो. जमिनीवरच्या खुणा धरून सर्वेक्षण करायचं असेल आणि उभी मापं कुणाच्या तरी हक्काची किंवा पैशाची असतील, तर मी ती सशुल्क साधनंच सुचवेन. ओपनसीव्हीचा चेकरबोर्ड अजूनही प्रिन्सिपल पॉइंटसाठी सरस, पण बोर्ड काचेवर किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवलेला हवा. पुठ्ठ्यावरचा कागद दमट हवेत वाकतो. आणि बोर्डाचं अंतर प्रत्यक्ष कामाच्या अंतराशी जुळायला हवं, जे ड्रोनला शक्यच नसतं. तिथे सेल्फ-कॅलिब्रेशनला पर्याय नाही.

संशोधन, स्प्लॅटिंग, वारसा दस्तावेजीकरण, शिकणं, यासाठी कोलमॅप निःशंक घ्यावं. २०२४ मध्ये आलेलं ग्लोमॅप हे त्याच धर्तीचं साधन मोठ्या संचांवर कितीतरी वेगवान आहे, पण ते आधी फोकल लेंथ ठरवून मगच सगळे कॅमेरे एकदम मांडतं, म्हणून वर सांगितलेली एक्झिफची काळजी तिथे आणखी जास्त घ्यावी लागते. फक्त कॅलिब्रेशनसाठी विरळ मॉडेल (फक्त जुळलेल्या बिंदूंचं) पुरतं. दाट मॉडेलसाठी लागणारं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड त्याला लागत नाही, साध्या लॅपटॉपवर पन्नास फोटोंचा संच निघतो.